सीअर्स की ब्रश? हँडल मारण्याआधी

पहिल्या महायुद्धाआधीची, औटघटकेची ठरलेली एखादी छोटी अमेरिकन गाडी घ्यायची म्हटलं की बरेच जण शेवटी दोन नावांपाशी अडतात: शिकागोची सीअर्स मोटर बग्गी आणि डेट्रॉइटची ब्रश रनअबाउट. मीही अडलो होतो.

सीअर्स म्हणजे टपालानं माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवायची गाडी. १९०८ ते १९१२ हा तिचा काळ, सुरुवातीची किंमत ३९५ डॉलर, आणि यायची रेल्वेनं, खोक्यातून. चाकं बग्गीची, त्यावर भरीव रबर, म्हणजे पंक्चरचा प्रश्नच मिटला. स्टिअरिंगच्या जागी होडीच्या सुकाणूसारखा दांडा. नेहमीचा गिअरबॉक्स नाहीच. फिरत्या तबकडीला काटकोनात टेकलेलं चाक मधून कडेला सरकवायचं, की वेग वाढतो. ओळखीच्या एकांची मी तासभर चालवली. मजा आली, खोटं कशाला बोलू?

ब्रश १९०७ ते १९१३ची. एक सिलिंडर, चेन, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, आणि आस चक्क लाकडाचे! यावरून तेव्हाही लोक तिची टिंगल करत. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही वाटू नये. शेवटी तिची ‘लिबर्टी’ ३५० डॉलरला मिळे, तरी बेंजामिन ब्रिस्कोचा युनायटेड स्टेट्स मोटर कंपनी हा समूह १९१२ मध्ये कोसळला आणि त्यात ब्रशही गेली.

माझा निर्णय मात्र मनगटानं केला. पूर्वी एका मित्राची जुनी गाडी (कुठली ते राहू द्या) समोरचं हँडल फिरवून सुरू करताना ते झटक्यानं उलटं फिरलं आणि तीन आठवडे हात पट्टीत होता. तेव्हापासून कुठल्याही गाडीसमोर वाकलो की पोटात गोळा येतो. ब्रश गाडीचा रचनाकार अलन्सन ब्रश यानं नेमका हाच विचार करून इंजिन नेहमीच्या उलट दिशेनं फिरणारं केलं, म्हणजे उजव्या हातानं हँडल मारणाऱ्याला झटक्याचा धोका कमी. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या मनगटाची काळजी केली, असंच वाटलं.

सपाट गाव, मजबूत हात आणि दांड्याची हौस असेल तर सीअर्स खुशाल घ्या. मी ब्रश घेतली. हँडलपाशी पांढरा बाण रंगवून ठेवलाय, कारण मदतीला येणारा प्रत्येक जण सवयीनं भलतीकडेच फिरवतो. आणि हो, डावखुरे असाल तर माझा सल्ला उलटा धरा.