उजनीची मासळी घ्यायची तर या मावशीकडं

चार तारे. पाचवा का कापला ते पुढं सांगतो.

माझी खाणावळ आहे, त्यामुळं सोलापुरात मासळी कुठं बरी मिळते ते ठाऊक ठेवावंच लागतं. होटगी रोडच्या बाजूची ही मावशी फक्त उजनीचा माल विकते. कल्ले लालभडक, डोळा टपोरा, बोटानं दाबलं तर खळी लगेच भरून येते. कापून देण्याचं वेगळं घेत नाही.

पण तिच्या फळीवर कोयत्यानं मारलेली एक खूण आहे. कटला-रोहू त्या खुणेपेक्षा आखूड असला की कोळ्याला तोंडावर परत. माझ्यासमोर एकानं पाव-पाव किलोच्या कटल्याची पाटी आणली. मावशी म्हणाली, "हे शेंबडं पोर हाय, ह्याला कशाला उचललंस?" बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, वडाप जाळ्यातला माल होता, दिसतच होतं. कटला-रोहू धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. तीच पाव किलोची होताच उचलली तर सोडायचा खर्चही निघत नाही. चिलापीला मात्र खूण नाही. ती स्वतःच वर्षातून अनेकदा विते, अंडी तोंडात धरून सांभाळते, धरण भरून टाकलंय तिनं. "ही न्या की हवी तेवढी," असं मावशीचं म्हणणं.

पावसाळ्यात मरळ मागू नका. तेव्हा पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका फिरतो आणि खाली आई-बाप राखणीला असतात. मोठी मरळ धरली की पिल्लं इतर माशांच्या पोटात. गिऱ्हाईक चिडतं, मीही चिडलोय, मरळीचा रस्सा माझ्याकडं सगळ्यात जास्त खपतो. मग चिलापीलाच काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट लावून कडक भाकरीबरोबर दिली. ताटं परत आली नाहीत.

तारा कापला तो बर्फासाठी. उन्हाळ्यात दुपारी बर्फ संपतो आणि मावशी मान्य करत नाही. भावही बाजारापेक्षा चढा, पण एक किलोच्या वरच्या कटल्यात काटा मोठा आणि तुकडा भरीव येतो, मला परवडतं.

रविवारी नऊच्या आत जा. डोकी वेगळी मागून घ्या, नाहीतर ती दुसऱ्याला देऊन टाकते.