दुकानात चाललेला फ्लॉपी ड्राइव्ह घरी का चालेना

फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉप्या (डेटा साठवायच्या जुन्या चपट्या डिस्क) वाचणारा कॉम्प्युटरचा भाग, आता कोण दुरुस्त करून घेतं, असं वाटेल. पण घेणारे आहेत. कुणाकडे जुनं एम्ब्रॉयडरी मशीन असतं, कुणाकडे नव्वदच्या दशकातला वाजवायचा फ्लॉपीवाला कीबोर्ड, भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये अजून चालणारं सीएनसी (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणारं) मशीन. आणि आमच्यासारखी घरं. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, घराण्याचा कुलवृत्तांत १९९६-९७ मध्ये स्वतः टाइप केला, तो सगळा फ्लॉप्यांच्या डब्यात. आता नवी आवृत्ती काढायची ठरली आणि डबा बाहेर आला. अशा गिऱ्हाईकाला दुसरा पर्याय नसतो, हे काही दुकानदार बरोबर ओळखून असतात.

घराचं रंगकाम झाल्यावर पुतण्याने जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून धूळ काढली, वायरी परत लावल्या. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू केला की फ्लॉपी ड्राइव्हचा हिरवा दिवा लागायचा तो विझायचाच नाही. फ्लॉपी वाचण्याचं तर नावच नको. रिक्षात कॅबिनेट घातलं आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या आसपासच्या एका दुकानात नेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पद्धत लिहिते. ती ओळखता आली तर पुरे.

"हेड गेलंय ताई. हा पार्ट आता मिळत नाही. माझ्याकडे इम्पोर्टेड सीलपॅक पीस आहे, शेवटचा." हेड म्हणजे ड्राइव्हमधला फ्लॉपीवर लिहिणारा-वाचणारा भाग. किंमत २५०० रुपये. जुना ड्राइव्ह मागितला तर "स्क्रॅप आहे तो, काय करणार नेऊन?" पावती कच्ची, त्यावर फक्त "कॉम्प्युटर रिपेअर". मग त्याने खणातून एक फ्लॉपी काढली, माझ्यासमोर फॉरमॅट केली, तिच्यावर फाइल बनवली, उघडून दाखवली आणि ती फ्लॉपी "ठेवा तुम्हाला" म्हणून दिलीसुद्धा. खोटं काहीच दाखवलं नाही. म्हणूनच हा प्रकार सविस्तर सांगावासा वाटतो.

घरी आप्पांची एकही फ्लॉपी लागेना. प्रत्येक वेळी तोच प्रश्न: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? (इथे घाईत "हो" म्हणालात तर कुलवृत्तांत कायमचा गेला.) दुकानात फोन केला तर उत्तर तयारच होतं. "फ्लॉप्यांना फंगस लागलंय. घेऊन या, डेटा काढून देतो, एका फ्लॉपीचे ४०० रुपये." डब्यात तीसेक फ्लॉप्या. म्हणजे ड्राइव्हचे अडीच हजार हा नुसता बयाणा होता, खरी कमाई पुढे होती.

बुरशीचं म्हणणं तपासायला सोपं असतं. फ्लॉपीची पत्र्याची झडप बोटाने सरकवायची, मागचं चाक हळूहळू फिरवायचं आणि उजेडात तिरकं धरून बघायचं. पुण्याच्या पावसाळ्यात खरंच बुरशी येते, नाही असं नाही. ती पांढुरक्या ठिपक्यांसारखी दिसते आणि तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये, हेडला घाण लागते. आप्पांच्या फ्लॉप्या काळ्या, तुळतुळीत, स्वच्छ होत्या.

मग डबा घेऊन चिंचवडला दिरांकडे गेले. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आप्पांच्या फ्लॉप्या धडाधड उघडल्या. आणि दुकानदाराने भेट दिलेली ती फ्लॉपी? ती मात्र तिथे वाचता येईना.

गोम इथेच होती. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेघा, असतात, इंचाला १३५ या हिशेबाने, म्हणजे दोन ट्रॅकमधलं अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. हेड तेवढ्यात किंचित जरी सरकलेलं असलं तरी ड्राइव्ह लिहितो सरकवून आणि वाचतोही तसाच सरकवून. स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागतं, दुसऱ्याला नाही आणि दुसऱ्याचं ह्याला नाही. त्यामुळे त्याच ड्राइव्हवर फॉरमॅट करून त्याच ड्राइव्हवर वाचून दाखवणं म्हणजे तपासणी नव्हेच. दुसऱ्या मशीनवर लिहिलेली फ्लॉपी ह्याच्यात लागते का, आणि ह्याची तिकडे लागते का, एवढंच बघायचं. दुकानात जाताना अशी एक जुनी, बिनमहत्त्वाची फ्लॉपी सोबत न्या. महत्त्वाच्या फ्लॉप्या नेऊच नका. न्यायची वेळच आली तर कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जाणार नाही.

मग दिरांनी आमच्या कॅबिनेटमधला तो "सीलपॅक" ड्राइव्ह बाहेर काढला. वरच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर, पिवळं पडलेलं. बाजूच्या स्क्रूच्या भोकांतले आटे घासून चकाकत होते. वरचा पत्रा काढल्यावर आत कापसासारखी धूळ, आणि हेड पुढेमागे नेणाऱ्या मोटरच्या स्क्रूवरचा रंगाचा ठिपका फुटलेला. तो स्क्रू सैल करून मोटर फिरवली की हेडची जागा बदलते, म्हणून कंपन्या तो रंगाने बंद करतात. कुणीतरी तिथे पाना चालवला होता.

ड्राइव्ह परत बसवताना पुतण्याने चपटी केबल उलटी लावली आणि कॉम्प्युटर सुरू करताच दिवा लागला तो विझेना. अगदी पहिल्यासारखा. "काकू, म्हणजे आपला ड्राइव्ह चांगलाच होता!" हेड गेलं तर फ्लॉपी वाचताना अडते, दिवा असा अखंड जळत नाही. सुरू करताच जळत राहिलेला दिवा म्हणजे बहुतेक वेळा ३४ पिनांची केबल उलटी. केबलच्या ज्या कडेला लाल रेघ, ती एक नंबरच्या पिनेकडे. पूर्वीच्या स्वस्त केबलींना उलटं लागू नये म्हणून असणारा उंचवटा नसायचा. अशा वेळी आत फ्लॉपी ठेवू नका, लिहिण्याचा सिग्नलही चालू होऊन तीच पुसली जाऊ शकते. रोज हेच बघणाऱ्या माणसाला हे ओळखायला मिनिटही लागत नाही.

बाकीची घरगुती दुरुस्ती फार नाही. फ्लॉप्या अडखळत वाचल्या जात असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी भिजवून हेड अलगद पुसायचं. वरचं हेड उचलायचं नाही, त्याची पट्टी फार नाजूक असते. मोटरच्या आट्यांच्या दांडीवरचं ग्रीस वाळलं असेल तर पुसून नवं बोटभर नव्हे, ठिपकाभर. रंगाचा ठिपका असलेल्या स्क्रूला हात नाही. नुसता डेटाच काढायचा असेल तर यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, नव्या लॅपटॉपवरही चालतो. आप्पांच्या फाइली आम्ही शेवटी तशाच उतरवल्या. फॉन्ट युनिकोडपूर्व (सगळ्या कॉम्प्युटरांवर मराठी अक्षरं सारखीच दिसायची सोय वापरात येण्याआधीच्या) काळातला असल्यामुळे पडद्यावर सगळं अगम्य दिसतंय, ती वेगळी लढाई.

दुकानदाराला जाब विचारला तर "चालवून दाखवलं होतं ना तुम्हाला?" हेच पालुपद. पक्कं बिल नव्हतं, पण पैसे यूपीआयने दिले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ नंबरला, तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला. आप्पांच्या आणि त्याने दिलेल्या फ्लॉपीच्या तपासणीचा व्हिडिओही जोडला. त्यानंतर त्याचा फोन आला, आवाज एकदम मऊ. १५०० रुपये परत केले, हजार "लेबर" म्हणून कापले. मूळ ड्राइव्ह काही दिला नाही, "भंगारात गेला" म्हणतो. काळ्या तोंडाचा आहे आणि खालच्या पत्र्यावर आप्पांनी मार्करने तारीख घातलीय. कुणाला "शेवटचा सीलपॅक पीस" म्हणून तो मिळाला तर घ्या खुशाल, चालू आहे. फक्त अडीच हजार देऊ नका.