गटाच्या सादरीकरणासाठी गुगल स्लाइड्स : एक परीक्षण

विद्यार्थ्यांच्या गटाने केलेल्या सादरीकरणात विषयाची मांडणी चांगली असूनही स्लाइड्स अनेकदा ठिगळे जोडल्यासारख्या दिसतात, कारण प्रत्येकाने आपला भाग वेगळा तयार करून ते ऐनवेळी एकत्र केलेले असतात. गुगल स्लाइड्स या मोफत साधनात एकाच फाइलवर सर्वांना एकाच वेळी काम करता येते, ही सोय सर्वांना माहीत आहे. पण माझ्या मते त्याचे खरे बळ फारसे कोणी न उघडणाऱ्या ‘थीम बिल्डर’मध्ये आहे. तेथे शीर्षकाचा आकार, फॉन्ट आणि रंग एकदा ठरवले, की ते सर्व स्लाइड्सना लागू होतात. मात्र एखाद्याने बाहेरचा मजकूर मूळ रंगरूपासह चिकटवला, तर ही एकसूत्रता तेवढ्यापुरती मोडते. म्हणून मजकूर फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करण्याचे आधीच ठरवून घ्यावे.

देवनागरीसाठी मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स असे सुवाच्य फॉन्ट येथे उपलब्ध आहेत. अक्षरे 24 पॉइंटपेक्षा लहान नसावीत आणि ओळींमधले अंतर थोडे वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

आलेखांच्या बाबतीत हे साधन उपयुक्त आहे, पण निष्काळजीपणा खपवून घेणारे नाही. गुगल शीट्समधला आलेख जोडून आणता येतो. तथापि शीटमधील आकडे बदलल्यावर स्लाइडवरचा आलेख आपोआप बदलत नाही, त्यावरील ‘अपडेट’ बटण दाबावे लागते, आणि गटात ते काम कोणाचे हे सहसा ठरलेले नसते. आलेख बहुतेकदा रंगसूचीसह येतो. ती काढून प्रत्येक रेषेशेजारीच तिचे नाव लिहिले, तर प्रेक्षकांची नजर सारखी इकडून तिकडे फिरत नाही, शिवाय लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांनाही आलेख समजतो.

कोणी काय बदलले हे ‘व्हर्जन हिस्टरी’त दिसते; त्यामुळे चुकून पुसलेली स्लाइड परत मिळते आणि वादही मिटतात.

फाइल पॉवरपॉइंटमध्ये उतरवून नेल्यास, त्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तर दुसरा फॉन्ट येऊन ओळी विस्कटण्याची शक्यता असते. पीडीएफमध्ये अक्षरे जशीच्या तशी राहतात, ॲनिमेशन मात्र जाते. इंटरनेटचा भरवसा नसेल तेथे मी निःसंकोच पीडीएफच निवडेन.