सातताल-पंगोटची ‘फक्त सहा जणांची’ पक्षीसहल : पैसे भरण्याआधी हे वाचा

येत्या हंगामात नैनितालकडे पक्षी बघायला जायचं ठरवत असाल आणि कुणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘छोटा गट, फक्त सहा जण, सोबत तज्ज्ञ गाइड’ असं पोस्टर पाठवलं असेल, तर पैसे पाठवण्याआधी आमचं काय झालं ते वाचा. आयोजकाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. त्याची पद्धत मात्र सगळी सांगते. त्या पद्धतीने फसलेले आम्ही एकटे नाही. तिथल्या डोंगरात राहणारी, पक्ष्यांवर पोट असणारी माणसंही तशीच फसली आहेत.

आधी जागेबद्दल थोडं, कारण त्याशिवाय फसवणूक कळणार नाही. काठगोदामला रेल्वे संपते. तिथून भीमतालमार्गे वर गेलं की सातताल. राम, लक्ष्मण, सीता, गरुड अशा नावांची तळी, भोवती बांज (ओक) आणि चीड (पाइन) यांचं जंगल, उंची साधारण १,३७० मीटर. जवळच चाफीचा ओढा आहे, तिथे दगडांवर डिपर, फोर्कटेल, क्रेस्टेड किंगफिशर. नैनितालहून किलबरीच्या जंगलातून पंधरा किलोमीटरवर पंगोट, तिथे उंची दोन हजारांच्या आसपास. पुढे विनायक नावाच्या जागेकडे जाताना गवताळ कड्यांवर चीर फेजंट, म्हणजे रानकोंबड्यासारखा डोंगरी पक्षी. तळ्याकाठचे पक्षी आणि डोंगरावरचे पक्षी एकाच सहलीत, फार प्रवास न करता बघता येतात. महाराष्ट्रातून दरवर्षी इतके पक्षीप्रेमी तिकडे जातात ते यासाठीच.

माझे बाबा बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांचं पक्षीनिरीक्षण भिगवण आणि मायणीच्या तलावावर झालं. भिगवणला पहाटे कुंभारगावात जायचं, नावाड्याशी दर ठरवायचा, रोहित (फ्लेमिंगो) बघून आल्यावर त्याच्या हातात पैसे ठेवायचे. व्यवहार एवढाच, आणि त्यात कधी कुणी आम्हाला एका रुपयाला फसवलं नाही. हिमालयातला फेजंट बघायचा ही त्यांची जुनी इच्छा. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला बारा-पंधरा जणांच्या घोळक्यात धावपळ जमणार नाही, म्हणून आम्ही मुद्दाम छोटा गट शोधत होतो. दर माणशी बत्तीस हजार होता, काठगोदाम ते काठगोदाम. मोठ्या गटाच्या सहलींपेक्षा बराच जास्त. जास्तीचे पैसे आम्ही ‘सहा’ या आकड्यासाठी मोजत होतो.

हे नीट समजून घ्या, कारण पक्षीसहलीत गटाचा आकार ही चैनीची गोष्ट नाही. साततालला पाणवठ्यासमोर कापड लावून केलेली हाइड, म्हणजे लपून पक्षी बघायच्या जागा असतात. आत मोजकी स्टुलं, कापडाला लेन्सपुरती भोकं. सहा-सात जण गप्प बसले तर समोर लाफिंगथ्रश, लियोथ्रिक्स, नशीब असेल तर कालिज फेजंट येतो. पंगोटच्या पुढे तर कोकलास फेजंट पहाटेच्या अंधूक उजेडात रस्त्याच्या कडेला दिसतो तो काही क्षण. एक गाडी असेल तर सगळ्यांना दिसतो. दोन गाड्या असतील तर पहिलीला पक्षी आणि दुसरीला धूळ.

पोस्टरवर मधोमध मोनालचा फोटो होता. खाली पक्ष्यांची यादी : वॉलक्रीपर, ब्राउन डिपर, चीर, कोकलास, आणि त्याच यादीत नवरंग आणि स्वर्गीय नर्तक. सहल फेब्रुवारीची. बाबांनी लगेच फोन केला. मोनाल उत्तराखंडचा राज्यपक्षी खरा, पण तो राहतो बराच वर. त्याच्यासाठी लोक चोपता-तुंगनाथला जातात, साततालच्या तळ्यावर नाही. वॉलक्रीपर तिथे हिवाळ्यात उतरतो, तर नवरंग आणि स्वर्गीय नर्तक त्या भागात उन्हाळ्यात येतात. एकाच आठवड्यात हे तिन्ही कसे दाखवणार? आयोजक हसून म्हणाला, “काका, पोस्टर डिझायनरने केलंय. यादी वर्षभराची आहे. तुमच्यासोबत गाइड कोण आहे ते बघा ना.” गाइडचा फोटो खरोखर तिथल्या एका नावाजलेल्या स्थानिक गाइडचा होता, त्या भागात जाऊन आलेल्या आमच्या ओळखीच्यांनीही त्याचं नाव ऐकलं होतं.

आम्ही होमस्टेच्या बुकिंगची पावतीही मागितली. ती आली. डिसेंबरमध्ये मी स्वतः त्या होमस्टेला फोन केला, त्यांनी सांगितलं, हो, या नावाने तीन खोल्या आहेत. मग उरलेले पैसे गेले. ‘जानेवारीच्या आत पूर्ण रक्कम भरल्यास माणशी दोन हजार सूट’ होती. यूपीआयवर जे नाव दिसलं ते संस्थेचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारल्यावर उत्तर तयार होतं : “भागीदाराचं खातं आहे, बिल संस्थेच्या नावाने मिळेल.” बिल मिळालंही, वर जीएसटी क्रमांक होता, कराची रक्कम वेगळी दाखवलेली होती.

राणीखेत एक्स्प्रेसने पहाटे काठगोदामला उतरलो तेव्हा फलाटाबाहेर आम्ही धरून तेरा जण उभे होते. प्रत्येकाच्या हातात तेच पोस्टर, प्रत्येकाला ‘सहापैकी एक’ सांगितलेलं. आयोजक आलाच नव्हता. एका तरुण ‘को-ऑर्डिनेटर’ने सांगितलं की दोन गट ऐनवेळी एकत्र केलेत. दोन मोठ्या गाड्या होत्या, दोन्ही पांढऱ्या नंबर प्लेटच्या. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला पिवळी प्लेट लागते. खासगी गाडी अशी चालवली आणि घाटात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गटातल्या एका काकूंनी गाडीत बसायला नकार दिला, त्यावर तो मुलगा म्हणाला, “मग तुमचं तुम्ही या.” तिथे पोचलेल्या, सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पर्याय नसतो, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं.

ठरलेल्या होमस्टेऐवजी भीमतालच्या रस्त्यावरचं एक लॉज मिळालं. खिडकीतून ना तळं, ना जंगल. नावाजलेला गाइड ‘आजारी’ होता. त्याच्या जागी आलेल्या मुलाला हिमालयन बुलबुलही ओळखता येत नव्हता. मोबाइलवर आवाज लावून तो छोटा स्पीकर झुडपात ठेवायचा आणि पक्षी चिडून बाहेर येईपर्यंत वाजवत राहायचा. विणीच्या तोंडावर असा आवाज लावणं पक्ष्याला किती त्रासाचं असतं ते बाबांनी त्याला समजावलं. त्याने स्पीकर बंद केला, आणि नंतर बाबांकडे बघणंच टाळलं.

खरी गोष्ट कळली ती हाइडवर. आम्ही तेरा जण पोचलो तेव्हा हाइडचा मालक वाटेतच उभा राहिला. तो आमच्यावर ओरडला नाही. त्याने शांतपणे सांगितलं की या आयोजकाने मागच्या हंगामातल्या तीन गटांचे पैसे अजून दिलेले नाहीत, त्यामुळे आता प्रत्येकाने रोख द्यावेत, आणि एका वेळी सातच जण बसतील. को-ऑर्डिनेटर फोनवर बोलत दूर निघून गेला. आम्ही पैसे दिले. मग मी मालकाला त्या गाइडबद्दल विचारलं. तो म्हणाला, “दीदी, वो बीमार कहाँ है, वो तो घर पे है. उसका भी पूरा सीझन का पैसा बाकी है.” त्यानेच फोन लावून दिला. पलीकडून गाइडचा पहिला प्रश्न होता, “मेरा फोटो अभी भी लगा रखा है उन्होंने?”

संध्याकाळी मी पहिल्या होमस्टेला पुन्हा फोन केला. बुकिंग डिसेंबरमध्ये खरंच होतं. किरकोळ टोकन भरून खोल्या धरल्या होत्या, आणि आमचे सगळ्यांचे पूर्ण पैसे जमा झाल्यावर, जानेवारीत, रद्द केल्या होत्या. म्हणजे मी फोन केला तेव्हा मला मिळालेलं उत्तर खरं होतं. म्हणून हे ठळकपणे सांगते : होमस्टेला ‘बुकिंग आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘त्या बुकिंगवर आजवर किती पैसे जमा झालेत, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येतं’ हे विचारा, आणि शेवटचा हप्ता भरण्याच्या दिवशी पुन्हा विचारा. तिथली माणसं एका मिनिटात खरं सांगतात. गाइडलाही थेट फोन करा : या तारखांना या गटासोबत तुम्हीच आहात ना? ज्याचा फोटो छापलाय त्याला माहीतच नसेल तर पुढे काही विचारायची गरजच उरत नाही.

यातला सर्वांत संतापजनक प्रकार दुसऱ्या गाडीतल्या एका जोडप्यासोबत झाला. को-ऑर्डिनेटरने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हिमालयन क्वेल मागच्या महिन्यात इथे दिसलाय, माणशी पंधराशे जादा दिलेत तर पहाटे दाखवतो. हिमालयन क्वेल! या पक्ष्याची शेवटची खात्रीची नोंद १८७६ची आहे, आणि तीही नैनितालच्याच परिसरातली. त्यानंतर कित्येक शोधमोहिमा झाल्या, पक्षी सापडलेला नाही. नैनितालशी त्याचं नाव जोडलेलं आहे म्हणूनच ती थाप तिथे खपते. अंधारात झुडपाआड काहीतरी हललं, ‘गेला, गेला’ झालं, आणि तीन हजार रुपये त्याच्या खिशात. ते दोघं नवखे होते, मनापासून आनंदात परत आले होते. त्यांना खरं सांगणं बाबांना फार जड गेलं.

पंगोटला जायच्या सकाळी को-ऑर्डिनेटरचा फोन बंद झाला. लॉजवाल्याने दोन रात्रींचं भाडं आमच्याकडे मागितलं. काहीजण तिथूनच परतले. आम्ही काहीजणांनी त्या खऱ्या गाइडलाच बोलावलं, पिवळ्या प्लेटची टॅक्सी त्यानेच ठरवून दिली, आणि पंगोटमध्ये एका कुटुंबाने आयत्या वेळी घरातल्या खोल्या दिल्या. चीर दिसेलच असं त्याने एकदाही म्हटलं नाही. विनायकच्या कड्यावर दूर गवतात एक जोडी दिसली. दुर्बिणीतून बाबांनी ती किती वेळ बघितली! त्या उरलेल्या दिवसांचा सगळा खर्च आयोजकाला दिलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी आला, आणि प्रत्येक रुपया ज्याचा त्याच्या हातात गेला.

घरी आल्यावर मी जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर बिलावरचा क्रमांक टाकून पाहिला. ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये कुणालाही, लॉग-इन न करता पाहता येतं. नोंदणी दुसऱ्याच व्यवसायाची होती आणि ती आधीच रद्द झालेली होती. म्हणजे कर म्हणून घेतलेले पैसेही त्याच्याच खिशात गेले. मोनालचा फोटो गूगल लेन्सने शोधला तर तो भलत्याच छायाचित्रकाराचा निघाला, कोपऱ्यातलं त्याचं नाव कापलेलं. या दोन्ही गोष्टी पैसे भरण्याआधी घरबसल्या तपासता येतात.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली. पण तिथे वेळेला फार महत्त्व आहे. पैसे लगेच अडवले तर थांबतात, आमचे जाऊन बरेच आठवडे झाले होते. पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे’ असं उत्तर मिळालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केल्यावर आयोजकाने प्रथमच लेखी उत्तर दिलं : अटींप्रमाणे रक्कम परत मिळत नाही. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, उत्तराखंडच्या चकरा माराव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील करायची सक्तीही नाही. पोस्टर, चॅट, यूपीआयच्या पावत्या, दोन्ही गाड्यांच्या प्लेटचे फोटो, होमस्टेचा ‘रद्द’ असा मेसेज, सगळं जोडलं. नोटीस पोचल्यावर आयोजकाचा फोन आला : निम्मे पैसे देतो, व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये टाकलेले मेसेज पुसून टाका. बाबांनी नाही म्हणून सांगितलं.

आता त्याचं नवं पोस्टर फिरतंय, नव्या नावाने. खाली गाइडचा तोच फोटो आहे. गाइडनेच ते मला पाठवलं. त्याच्याकडून, आणि हाइडच्या मालकाकडूनही, थकलेल्या पैशांचा तपशील लेखी घेऊन मी तक्रारीला जोडला आहे. गटातल्या इतरांनीही आपापल्या जिल्ह्यांत तक्रारी केल्या आहेत. मागच्या हंगामात जे याच पद्धतीने फसले आणि ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसले, त्यांच्यासाठी सांगते : ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तुमची अजून संपलेली नाही.