एका माणसाचा कुकर: सात महिने वापरल्यावर

हा छोटा इलेक्ट्रिक कुकर मी जानेवारीत पुण्यातल्या तापकीर गल्लीत घेतला, 1,850 रुपयांना. एक लिटरचा, 400 वॅटचा, एक खटका आणि दोन दिवे. सात महिने झाले: तीन हनोईत, चार कोथरूडमध्ये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुकर सगळे एकाच साच्यातले वाटतात, वर स्टिकर तेवढा वेगळा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांचा मिळतो, 25 डॉलरला. मी तीन महिने एकटी जाणार म्हटल्यावर घरात जो तो ‘एकटी?’ एवढंच विचारत होता. सासूबाईंनी मात्र ‘जेवणाचं काय?’ विचारलं. मी शाकाहारी, आणि तिकडे नुसत्या पालेभाजीतसुद्धा माशाचं पाणी पडू शकतं, त्याला नुओक माम म्हणतात. म्हणून कुकर.

आधी प्लगचं सांगते, कारण पहिल्याच दिवशी अडले. व्होल्टेजची काळजी नको, तिकडे 220च आहे. पण सॉकेट दोन पिनांचं आणि आपला प्लग जाड तीन पिनांचा. विमानतळावर घेतलेला अ‍ॅडॅप्टर चालला, फक्त त्यात अर्थिंग जोडलं जात नाही. कुकरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या. त्यानंतर रबरी स्लिपर घातल्याशिवाय मी त्याला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका.

भात उत्तम होतो. भांड्यात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या वर तापत नाही; पाणी आटलं की तळ जास्त तापतो, खालच्या चुंबकाची पकड सुटते आणि खटका टक् करून वर येतो. एवढंच डोकं आहे त्याला. पण म्हणूनच यात फोडणी होत नाही. तेल टाकलं, मोहरी तडतडायच्या आत टक्! बोटानं खटका दाबून धरायचा उद्योग मी दोनदा केला, मग नाद सोडला. पुण्याहून फोडणी करून बाटलीत भरून नेली होती, ती वरून घालायची. तूरडाळ रात्रभर भिजवूनही कण्या राहतात. मूगडाळ मऊ शिजते, आणि ती तिथल्या बाजारात ढिगानं मिळते, सोललेली, पिवळी. (तिकडचं चलन डोंग; 20 हजारांची आणि 5 लाखांची नोट, दोन्ही निळ्या. डाळवालीनं माझी पाच लाखांची नोट परत हातात ठेवली. पंचवीसपट दिले होते.)

‘वॉर्म’चा दिवा शोभेचा समजा. एकदा भात तसाच ठेवून वान मिएउ बघायला गेले. 1070 साली उभारलेलं विद्येचं देऊळ ते. दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा, त्यांवर जुन्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं. आपल्याकडे दहावीच्या निकालाचे फ्लेक्स लागतात, त्यांनी ते दगडात कोरून ठेवलेत. तीन तास रमले. परत आले तर कडेचा भात पापडासारखा आणि तळाशी जाड खरवड. खरवड मी आवडीनं खाल्ली, तो भाग वेगळा.

आता वाफ. फेब्रुवारी-मार्चमध्ये हनोईत ‘नोम’ नावाचा प्रकार असतो. दमट हवा थंड फरशीला लागते आणि फरशीला घाम फुटतो. भिंती ओल्या, आरसा ओला, चार दिवस वाळत घातलेला पंजाबी ड्रेस पाचव्या दिवशीही ओलाच. अशा खोलीत कुकरची वाफ सोडली तर छतातून थेंब पडतात. शिवाय ओली फरशी आणि बिनअर्थिंगचा कुकर! मी तो सरळ गॅलरीत नेला.

गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या आजीच्या आणि माझ्या गॅलरीत दोन हातांचं अंतर. तिकडे वयस्कर बाईला ‘बा’ म्हणतात. बा रोज माझ्या झाकणाखाली काय आहे ते मान उंचावून बघायची. एका संध्याकाळी खिचडीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, ‘ओम आ?’ मला भरून आलं. मी हात जोडून म्हटलं, ‘ओम, ओम.’ ती एकदम गंभीर झाली, आत गेली. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर लिंबं, आलं आणि जांभळट पानांची जुडी. तिसऱ्या दिवशीही. खाली राहणाऱ्या घरमालकिणीनं फोनवर भाषांतर करून दाखवलं तेव्हा कळलं की ‘ओम’ म्हणजे आजारी. त्यांच्याकडे तांदळाची पातळ पेज आजाऱ्याला देतात, आणि मी बाई पंधरा दिवस रोज पेजच शिजवतेय! वर विचारल्यावर हात जोडून कबूलही करतेय. सहा सुरांची भाषा आहे ती, मला एकही धड लागत नव्हता.

पण बाचं फार चुकलं नव्हतं. त्या महिन्यात मी बाहेर जवळजवळ जेवलेच नाही, आणि त्याला शाकाहार हे निम्मंच कारण. तिथे फुटपाथवर बालवाडीतल्यासारखी बुटकी प्लास्टिकची स्टुलं मांडलेली असतात, आणि त्यांवर घोळक्यानं माणसं. पुण्यात पन्नाशी उलटेपर्यंत मी एकटी हॉटेलात बसून जेवले नव्हते. चहा घेतला असेल, तोही उभ्याउभ्या. कुकर होता म्हणून तो प्रश्न रोज टळत गेला. ‘घरी खिचडी आहे’ हे वाक्य मी हनोईत स्वतःशीच म्हणायचे.

शेवटी बानंच बाहेर काढलं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात. ‘चाय’ अशी पाटी दिसली की चहा समजू नका, ते शाकाहारी जेवण. पौर्णिमेला तिनं मला अशा एका दुकानात नेऊन बसवलं आणि स्वतः देवळात निघून गेली. भात, टोफू, केळफुलाचं काहीतरी आणि मुओइ वुंग, म्हणजे तीळ-शेंगदाण्याची कोरडी चटणी. घास तोंडात टाकला आणि आईच्या डब्याची चव आली. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. पुढच्या वेळा कालनिर्णयात तिथी बघून एकटीच गेले. एखाद दिवस मागेपुढे व्हायचं. मग इतर दिवशीही जायला लागले आणि कुकर फक्त रात्रीपुरता उरला.

पुण्यात आल्यावर याचं काम कमी आहे. चार माणसांना पुरत नाही, साबुदाण्याचा चिखल होतो. आतल्या भांड्याचा काळा थर जूनमध्ये मधोमध सुटायला लागला. चूक माझी, स्टीलचा चमचा वापरला. सुटं भांडं मिळत नाही, त्यामुळे लाकडी उलथनं पहिल्या दिवसापासून ठेवा. वायर जेमतेम हातभर. तरी ज्या दिवशी घरी मी एकटीच असते त्या दिवशी तोच काढते, आणि कंटाळा आला तर पर्स घेऊन जेवायला बाहेर पडते.

सोबत आलेलं प्लास्टिकचं माप हनोईतच राहिलं. निघताना बानं एक निळ्या काठाची चिनी मातीची वाटी दिली, आता तिनंच मोजते. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, अडीच वाट्या पाणी. तांदूळ जुना असेल तर तीन.