सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड, आठ महिने वापरून

बाबांचं आयुष्मान भारत योजनेतलं वय वंदना कार्ड काढून आठ महिने झाले. वय सत्तर पूर्ण असलं की उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत. 29 ऑक्टोबर 2024 पासूनची ही सोय. (घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांना मिळून 5 लाख.) उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फक्त आधार.

त्या 'फक्त'नेच दमवलं. आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. केंद्रातल्या मुलाने मग बोटं घेतली. बाबांचा अंगठा चाळीस वर्षं लेथवर घासलेला. दाबला, शर्टाला पुसला, पुन्हा दाबला. मशीन ओळखच देईना. शेवटी अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून भागलं.

कार्ड हातात आलं म्हणजे अर्ज संपला, असं मला वाटलं होतं. खरा अर्ज रुग्णालयात करावा लागतो, आणि दर वेळी नव्याने. चौथ्या महिन्यात बाबांना ब्लॉकेज निघालं. यादीत नाव बघून एका खासगी रुग्णालयात गेलो, तर ते योजनेत होतं खरं, पण हाडांच्या उपचारांपुरतं! यादीत नावापुढचा विभाग वाचायचा असतो, हे तेव्हा कळलं. दुसरीकडे आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) टेबलावर कार्ड आणि आधार दिलं, त्यांनी रिपोर्ट चढवले, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली. मध्येच बिलिंगवाल्याने 'आत्ता डिपॉझिट भरा, मागाहून परत मिळेल' असं म्हणून बघितलं. मी त्याच्यासमोरच योजनेचा हेल्पलाइन नंबर 14555 फिरवला. पलीकडून कुणी उचलायच्या आत डिपॉझिटचा विषय मिटला.

जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं, हे मला सगळ्यात आवडलं. खटकतं ते एवढंच, की ओपीडी यात नाही. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरतात, पुढे गोळ्या आपल्या खिशातून. रक्त पातळ करायच्या गोळ्या आम्ही जनऔषधीतून आणतो.

आईचं कार्ड अजून नाही. ती बहात्तरची, आधारवर मात्र एकोणसत्तर, आणि इथे आधारवरचंच वय धरतात. तिच्या जन्मदाखल्यासाठी मामा सध्या ग्रामपंचायतीत खेटे घालतोय.