आधी वॅक्स, मग पॉलिश: माझे १४,५०० रुपये असे गेले

गाडीच्या पॉलिशसाठी ५,००० यूपीआयने आणि ९,५०० रोख, एकूण १४,५०० रुपये. रोख का दिले असं घरातला प्रत्येक जण विचारून गेला. दुकानाचा मालक म्हणाला, "बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,६१० वर." कोण देतं हो वरचे २,६१०? विचारणाऱ्यांनी स्वतःची मागची चार बिलं काढून दाखवावीत.

दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मुंबई-गोवा हायवेलगतचं डिटेलिंग सेंटर, म्हणजे गाडी घासून-पुसून चकचकीत करून देणारं दुकान, एवढं पुरे. माझी गाडी काळी, २०१८ ची. गाडी धुणारा पोरगा जांभ्याची धूळ सुक्या फडक्याने पुसायचा, त्यामुळे उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसायचे. मे महिन्यात घरी साखरपुडा होता, म्हणून हा खटाटोप. मालकाने वहीच्या कागदावर आकडे मांडले: कंपाउंड (ओरखडे घासून काढायची जाडसर पेस्ट) आणि पॉलिश ८,०००, वॅक्स ३,५००, 'सॉल्ट प्रोटेक्शन' ३,०००. ज्याच्या घराच्या खिडक्यांचे गज खाऱ्या हवेने खाल्लेत, त्याच्यासमोर 'सॉल्ट' म्हटलं की त्याचा हात खिशात जातोच. हे ३,००० निव्वळ हवेचे होते, हे नंतर कळलं. गाडीला गंज धरतो तो चाकांच्या कमानीत, दारांच्या तळाला, खालच्या पत्र्याला. वरच्या रंगावर फासलेल्या वॅक्सचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता तो क्षण. चष्मा गाडीत राहिला म्हणून दुपारी परत गेलो. पोरगा बॉनेटवर डब्यातलं वॅक्स हाताने फिरवत होता. मशीन बाजूला पडलेलं, त्यावरचा पॅड कोरा, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. मी विचारलं, "पॉलिश झालं काय रे?" तो म्हणाला, "काका, आधी वॅक्स, मग पॉलिश. वॅक्सने पेंट मऊ होतो." आणि मी मान डोलावली! ती मान आठवली की आजही रात्री झोप उडते. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, अगदी पातळ पापुद्रा काढतात, म्हणून ओरखडे जातात. वॅक्स काही काढत नाही, फक्त वर थर देऊन बसतं. वॅक्सवर पॉलिश फिरवलं तर आधी वॅक्सच निघणार. मग ३,५०० कशाचे? पण मी आयुष्य बँकेच्या काउंटरवर काढलं, मला पॅड कोरा की वापरलेला हे कुठून कळणार? डॉक्टरकडे गेल्यावर आपण त्याला सुईचा नंबर विचारतो का?

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी अशी चमकत होती की मीच पोराच्या हातावर १०० रुपये ठेवले. (हे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.) साखरपुडा पार पडला. मग दोनदा शाम्पूने धुतली आणि सगळे ओरखडे जागच्या जागी हजर! वर बॉनेटवर मशीनचे नवे गोल पट्टे, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरवर वाळलेले पांढरे डाग. मुंबईहून आलेल्या पुतण्याने टॉर्च मारून सांगितलं, "काका, ग्लेझ भरलंय." तेलकट ग्लेझ ओरखड्यात बसतं, धुतलं की निघून जातं. तुम्हाला असं कोणी चमकवून दाखवलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्म घेऊन मऊ मायक्रोफायबरने एक कोपरा पुसायला लावा आणि गाडी उन्हात काढा. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात म्हणून भुलू नका, तसे ते साध्या वॅक्सवरही राहतात.

मालक म्हणाला, "काका, कोकणची हवाच तशी." नंतर फोन उचलणं बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. "दिवाणी मामला आहे." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर "रोख दिल्याचा पुरावा?" वहीचा कागद दाखवला, तर त्यावर सही नाही. तहसीलमध्ये पुरवठा शाखेने वैधमापनकडे पाठवलं. वैधमापनवाले म्हणाले, आम्ही वजनकाटे बघतो, वॅक्स वजनाला कमी होतं का? हे त्यांनी हसत विचारलं. तिथून परत पोलीस. या वेळी साहेब बंदोबस्तावर, आणि हवालदार मला विचारतो, "काका, आमच्या गाडीला चांगलं पॉलिश कुठे मिळेल?" जनतेच्या पैशावर बसून जनतेलाच हसायचं! ज्या टेबलावर जावं तिथे बोट दुसऱ्या टेबलाकडे, आणि प्रत्येक टेबलाला झेरॉक्स मात्र हवी.

शेवटी ओळखीच्या वकिलाने जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे पहिल्याच टेबलावर कोणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

काम दुसऱ्याकडून नव्याने करून घेतलं, ११,००० रुपये, बिलासकट. म्हणजे एकूण २५,५००. त्याने आधी गाडी धुतली, क्ले बारने चिकटलेली घाण काढली, मीटरने रंगाची जाडी मोजली. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, दरवेळी घासून थोडा कमी होतो. म्हणून 'दर सहा महिन्यांनी पॉलिश' असं पॅकेज विकणाऱ्यापासून लांब राहा. वॅक्स पुन्हापुन्हा लावा हवं तर. धुतलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिक पिशवी हातात घालून हात फिरवा. खरखर लागली तर पॉलिशच्या आधी क्ले लागणार, आणि त्याचं नाव न घेणारा माणूस काम अर्धवटच करणार. अर्ध्या बॉनेटवर टेप लावून एक बाजू आधी करून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर चावी घ्या आणि निघा.

परवा त्याच दुकानावर नवा फलक दिसला: गणपती ऑफर, ९,९९९, 'सॉल्ट प्रोटेक्शन' मोफत. चाकरमान्यांच्या गाड्या लागल्या होत्या. मी फलकाचा फोटो तारखेसकट काढून वकिलाला पाठवला आहे. तुमचीही गाडी तिथून आली असेल तर उन्हातले फोटो आणि यूपीआयची पावती आजच जपून ठेवा.